एचआयव्हीच्या 'लसी'च्या चाचणीत नाव द्यायचं म्हणतात, आधी काय तपासायचं?

केळीचा_मळा (यावल)
राम राम मंडळी. चोपडा-यावल-रावेरकडच्या गटांवर एक मेसेज फिरतोय: 'एचआयव्हीची लस आली, वर्षातून दोनच इंजेक्शनं, शंभर टक्के गुण, पुण्यात चाचणी सुरू, गोळ्या बंद करून नाव नोंदवा.' खाली मोबाइल नंबर आणि 'नोंदणी १५०० रुपये'. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, चालू असलेल्यांना अशा चाचणीत घेतात का? खरी चाचणी ओळखायची कशी? सहमतीपत्र हातात आलं तर त्यात नेमकं काय बघायचं? गोळ्या चालू असलेले दोघं-तिघं नाव द्यायला निघालेत, म्हणून घाई.

तापीकाठ
आधी त्यांना सांगा, आजची गोळी आजच घ्यायची. बाकीचं मग.

मेसेजवाल्याने एक औषध आणि एक लस यांची खिचडी केलीय. वर्षातून दोनदा टोचतात ते लेनाकापावीर. ती लस नाही, औषध आहे. पोटाच्या कातडीखाली दीड-दीड मिलीची दोन इंजेक्शनं, आणि सुरुवातीला पहिल्या व दुसऱ्या दिवशी ३०० मिग्रॅच्या दोन-दोन गोळ्या. टोचल्या जागी गाठ राहते, ही नेहमीची तक्रार. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळी दिलेल्या दोन गटांत मात्र ३९ आणि १६ जणींना झाली. मेसेजमधले 'शंभर टक्के' बहुधा इथूनच उचललेत. पण त्या सगळ्या जणी चाचणीत आल्या तेव्हा निगेटिव्ह होत्या. तिथे मोजला तो बचाव, बरं होणं नव्हे.

खऱ्या लसीचं गाडं अजून अडलेलंच आहे. थायलंडमध्ये १६,४०२ जणांवरच्या चाचणीचा निकाल २००९ ला आला, संरक्षण जेमतेम ३१ टक्के. तोच धागा पकडून दक्षिण आफ्रिकेत पाच हजारांवर लोकांची चाचणी घेतली, काहींना लस, काहींना नुसतं पाणी. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत लागण जवळपास सारखीच निघाली, म्हणून २०२० मध्ये टोचणं थांबवलं. मोझाइको नावाची मोठी चाचणीही जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली. हा विषाणू इतक्या वेगाने रूप पालटतो की शिकवलेली प्रतिकारशक्ती कालचाच चेहरा शोधत बसते. पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये देशातली पहिली लस-चाचणी झाली, तीही निरोगी स्वयंसेवकांवर आणि पहिल्या टप्प्याची, म्हणजे सुरक्षितता बघायची.

तेव्हा बचावाच्या लसीच्या चाचणीत पॉझिटिव्ह माणसाला घेतच नाहीत. पॉझिटिव्ह लोकांवरच्या चाचण्या वेगळ्या असतात. त्यातल्या काहींत गोळ्या ठरवून थांबवतात हे खरं, पण तिथे आठवड्या-पंधरवड्याला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, बघतात, ठरलेल्या रेषेवर गेला की गोळी लगेच सुरू. कारण विषाणू प्रतिकारशक्तीच्या झोपलेल्या सीडी-फोर पेशींत दडून असतो. गोळी सुटली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात परत येतो आणि जोडीदाराला धोका होतो. घरी बसून, मेसेज वाचून गोळी सोडली तर हे मोजणार कोण?

कागदपत्र_धुळे
१५०० रुपये मागितले तिथेच विषय संपला. चाचणीत सहभागी पैसे देत नाही. औषध आणि चाचणीच्या तपासण्या फुकट असतात, प्रवासाचा खर्च बहुतेक ठिकाणी मिळतो.

चाचणीचा नोंदणी नंबर मागा. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय. सीटीआरआय, तिरकी रेघ, वर्ष, महिना, सहा आकडे असा तो असतो. सीटीआरआयच्या साइटवर शोध मोफत आहे. पान उघडलं की चार जागा बघा: केंद्रांच्या यादीत ते रुग्णालय आहे का, तिथल्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, औषध महानियंत्रकांची परवानगी आहे का, भरती चालू आहे की संपलीय. नंबर खरा पण केंद्र यादीत नाही, असाही डाव असतो. आणि 'नोंदणी नंतर होईल' म्हणाले तर उठून या. एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद लागते.

सहमतीपत्रात मी आधी शेवटची पानं बघतो. मुख्य डॉक्टरचा आणि नीतिमत्ता समितीचा फोन तिथे असतो. मग इजेचं कलम: चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाई वेगळी. नुसतं 'योग्य ती मदत केली जाईल' असं मोघम वाक्य चालवून घेऊ नका. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हेही लिहिलेलं हवं. सही केलेली एक प्रत तुमची.

वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो, अंगठ्यापुरता नाही. सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्यांना छापील मराठी वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे. 'सांगा बरं, तुम्हाला काय टोचणार?' असं उलट विचारून बघावं. नव्या औषधांच्या चाचणीत दुर्बल गटांची सहमती व्हिडिओवर घेतात, एचआयव्हीच्या औषधासाठी मात्र फक्त आवाज नोंदवतात, चेहरा दिसू नये म्हणून. कोणी कॅमेरा लावलाच तर विचारा.

केळीचा_मळा (यावल)
लय उपकार. एक राहिलं. जोडीदार निगेटिव्ह आहे आणि उद्या खरोखरच्या लस-चाचणीत गेला, तर पुढे टेस्ट पॉझिटिव्ह येते म्हणतात. म्हणजे लसीनेच रोग होतो का?

पॅथॉलॉजी_भुसावळ
रोग होत नाही. लसीत जिवंत एचआयव्ही नसतोच, त्याच्या प्रथिनांचे तुकडे किंवा ते बनवायचा नुसता आराखडा असतो. पण टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, हे खरं.

आपल्या रॅपिड किट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधतात. लसीने त्याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी केल्या तर किटवर रेघ उमटते. काहींत ती वर्षानुवर्षं उमटत राहते. घोळ नंतर होतो: गरोदरपणात आरोग्य केंद्रात बोटाला टोचून केलेली टेस्ट, रक्तदान, विमा, भरती. समोरच्याला चाचणीचं माहीतच नसतं. तीन किटवर तपासलं तरी सुटका होईलच असं नाही, तिन्ही अँटिबॉडीच बघतात. उत्तर एकच, विषाणूचा जनुकीय माग काढणारी पीसीआर. म्हणून सही करण्याआधी हे पक्कं करा: चाचणीवाले ओळखपत्र देणार का, आणि चाचणी संपल्यावरही पीसीआर मोफत करून देणार का? रक्तदान मात्र सोडून द्यावं, रक्तपेढी ती पिशवी घेणार नाही.

आणि लस घेतली म्हणून निरोध सोडायचा नाही. कोणाला लस, कोणाला नुसतं पाणी, हे टोचणाऱ्यालाही माहीत नसतं.

तापीकाठ
पुण्याचं गणितही मांडा. लस-चाचणीत वर्षभरात बऱ्याच फेऱ्या होतात. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जाऊन-येऊन प्रत्येक वेळी दोन दिवस मोडतात. कापूस वेचणीत मजुरी बुडते, ती भाड्यात धरत नाहीत. बुडालेल्या मजुरीचं काय, हे सहमतीपत्र घेतानाच विचारा.

त्या दोघा-तिघांना घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या एआरटी केंद्रावर समुपदेशकाकडे जा, मेसेज मोबाइलवर दाखवा. जाणं जमत नसेल तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही. गोळ्या सोडल्या असतील तर किती दिवसांपासून, तो आकडा लपवू नका, व्हायरल लोड कधी करायचा हे त्यावर ठरतं.