लेआऊट रोबोटची रेघ सुरुवातीलाच गायब, कार्ट्रिज बदलूनही तेच

प्रश्न
स्लॅबवर ब्लॉकच्या भिंतींचा लेआऊट मारायला प्रिंटिंग रोबोट लावलाय. थर्मल इंकजेट (बारीक हीटर शाई तापवून थेंब उडवतो), ४२ मिलीचं कार्ट्रिज, सॉल्व्हंटची काळी शाई. सकाळी रेघ ठसठशीत येते. अकरानंतर नव्या रेघेचे पहिले १०-१५ सेंमी गायब, पुढे फिकट, मग आपोआप सुधारते. कॉलमच्या आसपास हा प्रकार जास्त. दोन कार्ट्रिज बदलली, नोझल आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसतो. पंप नाही, ट्यूब नाही, मग शाई अडते कुठे?

उत्तर १
दोष शाईचा की जमिनीचा, ते आधी ठरवा. रेघेच्या वाटेवर ए४ कागद चिकटपट्टीने लावा आणि तीच फाइल त्यावरून चालवा. कागदावर पूर्ण आणि काँक्रीटवर तुटक आली, तर कार्ट्रिजला हात लावायचं कारण नाही. स्लॅबवर बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली तर शाई त्या भुकटीवर बसते आणि पहिल्या झाडूबरोबर निघून जाते. ब्लोअर मारू नका, उडालेली धूळ हेडवरच येऊन बसते. व्हॅक्यूम लावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर मोत्यासारखा उभा राहिला, तर क्युरिंग कंपाउंडचा (काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून मारतात ते) मेणकट थर आहे. त्यावर शाई धरत नाही.

चाकंही बघा. सिमेंटचा गोळा चिकटला की हेड उचललं जातं. नोझल जमिनीपासून १-२ मिमीवर हवं. ४-५ मिमी झालं की थेंब भरकटतात आणि रेघ पसरट दिसते.

उत्तर २
सुरुवात गायब आणि पुढे आपोआप सुधारणा, म्हणजे नोझल सुकतंय. १२.७ मिमीच्या पट्टीत ३०० नोझल असतात, एकेकाचं तोंड केसाहून बारीक. सॉल्व्हंट तोंडावरच उडून जातं आणि मागे राहिलेलं रेझिन साय धरतं. दुपारी स्लॅब तापला की आणखी लवकर.

कॉलमजवळच का, तर तिथे टोटल स्टेशनला (रोबोटची जागा मोजणारं तिपाईवरचं यंत्र) रोबोटवरचा प्रिझम, म्हणजे परावर्तक, दिसत नाही. प्रिझमवरचा त्याचा लॉक सुटतो, रोबोट जागच्या जागी थांबतो आणि हेड उघडंच राहतं. तुम्ही शाई बदलताय, पण मूळ दुखणं टोटल स्टेशनच्या जागेत असावं. लॉगमधल्या थांब्यांच्या वेळा आणि खराब रेघांच्या वेळा शेजारी ठेवून बघा. जुळल्या तर कॉलममागच्या रेघा फाइलमधून वेगळ्या काढा आणि दुसऱ्या सेटअपवरून मारा. प्रत्येक थांब्यानंतर खरी रेघ सुरू करण्याआधी टाकाऊ कागदावर ५ सेंमीचा भरीव पट्टा मारून घ्या. थांबा मिनिटभराहून लांबणार असेल तर कॅप लावा.

उत्तर ३
पुसण्याबद्दल. सॉल्व्हंट शाईला आयपीए चालतं. पाण्याच्या पिग्मेंट शाईवर लावलंत तर रंग फुटून गुठळ्या होऊ शकतात, तिथे डिस्टिल्ड वॉटरच. धागे न सुटणारं कापड ओलं करून नोझलवर दोन-तीन सेकंद टेकवा, मग नोझलच्या ओळीच्या दिशेने एकदाच ओढा. मागे-पुढे घासू नका, धुळीचा कण नोझलमध्ये जातो. कोरडं टिश्यू तर नकोच.

रेघेत गाळे, म्हणजे रिकाम्या पट्ट्या, ठरावीक अंतराने आणि दरवेळी त्याच जागी पडत असतील, तर शाई सोडा, कार्ट्रिजवरचे विजेचे सोनेरी संपर्कबिंदू बघा. ते वेगळ्या कोरड्या कापडाने पुसा.

एक स्वस्त उपाय: नव्या कार्ट्रिजचं वजन मार्करने त्याच्यावरच लिहून ठेवा. शाई बाहेर पडत असली तर काटा सांगतो, पडत नसेल तर लगेच थांबा. थर्मल हेडमध्ये शाईच हीटरला थंड ठेवते, कोरडं फायर करत राहिलात तर नोझल कायमचे जातात.

प्रश्नकर्ता
कागदावरही सुरुवात गायबच आली, म्हणजे दोष जमिनीचा नाही. लॉगही जुळला: सातपैकी सहा खराब रेघा लॉक सुटल्यानंतरच्या. आता निम्म्या भरलेल्या कार्ट्रिजचं काय करू?

उत्तर २
फेकू नका. हळूच दोन-चार वेळा उलटसुलट करा, पण जोरात हलवू नका, बुडबुडे होतात. ओलं कापड टेकवून कागदावर चार-पाच पट्टे मारा. पाचव्या पट्ट्यातही तेच गाळे राहिले, तरच बाद. ठेवताना कॅप लावून, नोझल खाली, सावलीत. साइटवरच्या गाडीच्या डिकीत नको.