६१ पट्ट्यांच्या कीबोर्डला घरात कोणते स्पीकर?

लातूरच्या दादांनी होम थिएटर चालेल का विचारलंय, आणि वर कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर सुचवलाय. ब्लूटूथ सरळ विसरा. पट्टी दाबल्यावर आवाज इतका मागून येतो की ठेका धरताच येत नाही. होम थिएटरचं सबवूफर खालचे सूर फुगवतं, डावा हात नुसता घुमतो.

६१ पट्ट्यांचा सगळ्यात खालचा सा साधारण ६५ हर्ट्झचा. त्यामुळे ५ इंची वूफरचे दोन पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे आतच अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर, पुरतात. ८ इंची घेऊन छोट्या खोलीत काय करणार? भिंतीपासून हातभर पुढे, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला.

खरी गडबड केबलमध्ये होते. मागे लेफ्ट आणि राइट आउटपुट असतील तर दोन मोनो केबल, म्हणजे एकेकीतून एकाच बाजूचा आवाज. फक्त हेडफोनचं भोक असेल तर एका टोकाला स्टिरिओ (डावं-उजवं दोन्ही एकत्र), दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल. साधी स्टिरिओ केबल एकाच मॉनिटरच्या बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांमधला फक्त फरक घेणाऱ्या) लावली तर डावं-उजवं एकमेकांना खातं, पियानो पोकळ वाजतो. मग दोष बिचाऱ्या स्पीकरला.

गुणगुण येत असेल तर आधी इन्व्हर्टर बघा, स्क्वेअर वेव्हवाला हमखास गुणगुणतो. लाइटवरही येत असेल तर अर्थिंग तपासा. आपल्याकडं उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात पाणी ओतून पाहा.

चालू करताना कीबोर्ड आधी, स्पीकर नंतर. बंद करताना उलटं.