बिबट्या वाचवा म्हणणाऱ्या पुणेकरांनी आधी जुन्नर-शिरूरच्या दिवसाच्या लाईटसाठी भांडावं

मृण्मयी_कोथरूड
सोसायटी असो की ट्रेकिंगचा ग्रुप, सगळीकडे सध्या बिबट्याच चालू आहे. अर्धे म्हणतात सगळे पकडा आणि लांब जंगलात सोडा, उरलेले म्हणतात आपणच त्यांच्या घरात घुसलो, खाली सह्यांची लिंक. मला दोन्ही पटत नाही म्हणून लिहितेय.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरचा बिबट्या काही जंगलातून वाट चुकून आलेला नाही. कुकडीची धरणं झाली, कालवे आले, त्यामागे ऊस आला, वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं पीक, आत गारवा आणि आडोसा, बाहेर कुत्री-शेळ्या. तिथेच त्याची पिल्लं होतात आणि तिथेच वाढतात. लांब सोडण्याचा प्रयोग तर करून झालाय. 2001 पासून जुन्नरला पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तर आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे ते 17 वर गेले, आणि जिथे सोडले तिथेही माणसांवर हल्ले सुरू झाले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा 2011 चा पेपर आहे यावर. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला तो म्हातारा नर, आजोबा म्हणायचे त्याला, माळशेजला सोडला तर सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत पोचला, गळ्यात कॉलर होती म्हणून कळलं तरी.

माझं म्हणणं एवढंच, की बिबट्यावर प्रेम असेल तर पुण्यातून आवाज उठवा तो शेतीला दिवसा थ्री फेज लाईट मिळावी, रात्री मोटरसाठी अंधारात रानात जावं लागू नये म्हणून आणि वस्तीवरच्या प्रत्येक घराला बंदिस्त गोठा मिळावा म्हणून. बिबट्या वाचतो तो त्याने.

ओतूरकर_पाटील
ताई लाईटचं बोललात म्हणून उत्तर देतो, नायतर पुण्याच्या प्राणीप्रेमी लोकांशी बोलायचं मी सोडून दिलंय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूतकडं बिबट्याच्या हल्ल्यात दोन लेकरं आणि एक म्हातारी गेली. पंधरा-वीस दिवसांत तीन माणसं. त्यानंतर लोकांनी पुणे-नाशिक रोड अडवला, वनखात्याची गाडी जाळली, मग कुठं बंदुका आल्या. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात खुरपायला जात होत्या, फोटो पाहिले असतील तुम्ही. माणूस गेल्यावर 25 लाख मिळतात, लेकरू येत नाही. तुमच्या औंधला बिबट दिसला त्या दिवशी शहराचं काय झालं ते आठवा, आमच्याकडं तो रोज पडवीपर्यंत येतो. उचलून न्या एवढंच आमचं मागणं आहे, कुठं न्यायचा ते सरकारनं बघावं.

सिंहगडरोड_समीर
पाटलांशी सहमत. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथे पिंजऱ्यात ठेवलेल्या बिबट्यांना आयुष्यभर पोसायचं, त्यासाठी आपण देणग्या द्यायच्या, आणि बाहेर संख्या वाढतच राहणार. सरसकट नसबंदी करा ना. रेस्क्यूवर पैसा घालणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं आहे.

बावधन_रेस्क्यूवाली
नसबंदी झालेला बिबट्या उद्यापासून शेळी खायचा थांबत नाही समीर. दहा-बारा वर्षं जगतो तो. संख्या कमी झालीच तर बऱ्याच वर्षांनी, आणि तीही बहुतेक माद्या सापडल्या तरच. तोपर्यंत पाटील दादांनी काय करायचं?

आणि रेस्क्यू म्हणजे काय ते सांगते, मी त्या टीमला मदत करते. ऊसतोड सुरू झाली की सरीत पाचटाखाली पिल्लं सापडतात, मजूर घाबरून तोड थांबवतात. डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात, वजन करतात, चिप बसवतात, आणि अंधार पडायच्या आत त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून वर हलकं झाकण, समोर कॅमेरा, माणसं लांब. आई येते, पंजाने क्रेट आडवा करते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. हे केलं नाही तर ती मादी रात्रभर त्या फडाभोवती फिरते, आणि शेजारीच तोडणीवाल्यांच्या कोप्या असतात, आत लेकरं झोपलेली. म्हणजे हे काम त्या लेकरांसाठीपण आहे.

ओतूरकर_पाटील
मॅडम काम चांगलं करता, नाकारत नाही. आमच्या शेजारच्या फडात पाहिलंय मी ते. पण तीच पिल्लं दोन वर्षांनी आमच्या वस्तीवर हिंडतात हेपण पाहिलंय. तुम्ही आईला पिल्लू देऊन पुण्याला परत जाता.

डेक्कन_आजोबा
वयाने मोठा म्हणून स्पष्ट बोलतो. वाघ-बिबटे राहिले पाहिजेत, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उगाच केलेला नाही. पण डिसेंबर 2020 मध्ये कोथरूडला एक गवा आला तर आपण शेकड्यांनी मागे धावलो, मोबाईल घेऊन, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत मेला. ज्या शहराला एका गव्याला वाट देता आली नाही त्याने ओतूरच्या शेतकऱ्याला सहजीवन शिकवू नये.

मृण्मयी_कोथरूड
काका, शिकवत नाहीये, आपण पुणेकरांनी काय करायचं तेच विचारतेय.

पाटील दादा, माणसं मारणारा बिबट्या हटवलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही, आणि कायद्यातही कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतो. पिंपरखेडला ती मिळायला तीन जीव का जावे लागले, हा प्रश्न आम्ही पुण्यातून विचारायला हवा होता, त्याऐवजी इथे गोळी घातली म्हणून हळहळ चालली होती. मला त्याचा राग येतो. पण सरसकट सगळे उचलले तर रिकाम्या जागेत दुसरे येतात, बरेचदा तरणे नर, ज्यांना तुमच्या वस्तीचा अंदाजच नसतो. जुना बिबट्या कुत्र्यावर भागवतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीभागातल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के.

सिंहगडरोड_समीर
म्हणजे कुत्री कमी करा हेही आलंच की. ते कोण बोलणार पुण्यात?

बावधन_रेस्क्यूवाली
मी बोलते. वस्तीजवळ टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि हॉटेलचं खरकटं उचललं तरी कुत्री कमी होतात. आणि बिबट्या दिसला तर वनखात्याच्या 1926 हेल्पलाईनला फोन करा, मागे धावू नका, व्हिडिओ नंतर.

ओतूरकर_पाटील
1926 लावून बघितलाय, माणूस येतो पण उशिरा येतो, एका गाडीवर कितीक गावं. गाड्या वाढवा म्हणून लिहा. लाईटचं ताईंचं पटलं, रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधानं जावं लागतं, पाणी धरायला वाकलं की माणूस त्याला जनावरच वाटतो. सगळे बिबटे इथंच राहू द्या हे मात्र मला पटायचं नाही, माझी नात अंगणात खेळते. दिवसाच्या लाईटसाठी सह्या घेणार असाल तर आमच्या गावच्या मी आणून देतो.

मृण्मयी_कोथरूड
द्या दादा. अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते, लाईटचं वेळापत्रक कुठल्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, कसं आहे ते तुम्ही त्यात भरा.