येलो टँगला शेवाळ कोण लावणार?

बी-५०२: नमस्कार मंडळी 🙏 गणपतीला ५ दिवस गावी चाललोय, आमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी जरा मदत हवीये. दाणे टाकायचं मशीन लावलंय त्यामुळे क्लाऊनफिशचं काही टेन्शन नाही, पण तो पिवळाधमक येलो टँग आहे ना त्याला रोज वाळलेल्या शेवाळाचा तुकडा क्लिपला लावावा लागतो, ते मशीनला जमत नाही. कोणी येऊ शकेल का?

सी-२०४: ५ दिवस दाण्यांवर नाही निघणार का रे?

बी-५०२: निघतील दादा, पण मला नाही तसं ठेवायचं त्याला. हा मासा हवाईकडचा, तिथे दिवसभर खडकावरचं शेवाळ कुरतडत फिरतो, आमच्या टँकमधलं तर त्याने कधीच साफ केलंय. आणला तेव्हा दुकानात सांगितलेलं की फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिलं की बास, मी ३ महिने तेच दिलं आणि पोट आत गेलं, रंग फिका पडला, डोळ्यांजवळ बारीक खड्डे पडायला लागले, खूप वाईट वाटलं बघून. मग रोज नोरी म्हणजे हेच वाळलेलं शेवाळ आणि सोबत व्हिटॅमिन सुरू केलं तेव्हा कुठे खड्डे वाढायचे थांबले आणि अंग भरलं

बी-३०१: मी येते रे, पण त्यात मासळीचं काही नाही ना? माझा चातुर्मास आहे

बी-५०२: अजिबात नाही काकू, समुद्रातलं शेवाळच आहे, वाळवून कागदासारखं केलेलं. तुमचा तो चायना ग्रास पण समुद्री शेवाळाचाच असतो

बी-३०१: हो का, मग काही हरकत नाही

ए-१०३: दादा संपलं तर मॉलमधून आणून देऊ? ती क्रिस्पी नोरीची पाकिटं असतात ना

बी-५०२: ती नको रे प्लीज, त्यांना तेल मीठ मसाला लावलेला असतो

ए-१०३: पण तो राहतोच खाऱ्या पाण्यात, मिठाने काय होणार?

बी-५०२: मिठाचं एवढं नाही, समुद्रातले मासे खारं पाणीच पितात आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. तेलाचा त्रास होतो, पाण्यावर तवंग येतो, फेसाने पाण्यातली घाण काढणारा स्किमर असतो त्याचा फेस खाली बसतो. सुशीची साधी नोरी चालते, भाजलेली असली तरी चालेल, फक्त पाकिटावर घटक म्हणून शेवाळ सोडून दुसरं काही लिहिलेलं नसावं

सी-२०४: आम्ही रत्नागिरीला चाललोय, कातळावर हिरवं शेवाळ असतं, आणू का पिशवीभर?

बी-५०२: दादा मनापासून थँक्यू पण नको, तसलं शेवाळ टँग आवडीने खातात पण पावसाळ्यात किनाऱ्याला सगळं वाहून आलेलं पाणी असतं आणि शेवाळात बारीक किडे खेकडे लपून येतात, एकदा टँकमध्ये शिरले की निघत नाहीत

बी-३०१: बरं मला नीट सांग, किती आणि कधी

बी-५०२: काकू सकाळी पूजा झाली की या, डब्यातून तुमच्या २ बोटांएवढी पट्टी फाडायची, हात कोरडे असू देत नाहीतर बाकीचा कागद चिकटतो, पट्टी क्लिपमध्ये घट्ट धरायची आणि क्लिप काचेला आतून चिकटवायची पण पंपाच्या प्रवाहासमोर नको, तुकडे उडून फिल्टरमध्ये जातात. तो लगेच येऊन तोडायला लागेल, हात मात्र त्याच्या शेपटीपासून लांब ठेवा, शेपटीजवळ दोन्ही बाजूंना ब्लेडसारखा काटा असतो. संध्याकाळी उरलेलं नक्की काढा, रात्रभर राहिलं तर विरघळून पाणी खराब होतं. विसरलात एखाद्या दिवशी तर दुसऱ्या दिवशी डबल लावू नका

ए-१०३: संध्याकाळी क्लासवरून येताना मी काढत जाईन, काकूंना परत जिना नको

बी-३०१: शहाणा माझा. आणि तू आज आरतीनंतर चावी घेऊन ये, एकदा माझ्यासमोर लावून दाखव, डबा खालच्या फळीवर ठेव, वर माझा हात पोचत नाही

बी-५०२: हो काकू, ९ वाजता येतो 🙏