प्रतिसाद: पीडीएफ टाकली म्हणजे झालं?

'शोधनिबंधाची पीडीएफ नेटवर टाकली की बाकीचं संगणक बघून घेईल' हे वरचं मत मला पटत नाही. साध्या पीडीएफमध्ये अक्षर पानावर कुठे बसवायचं एवढंच नोंदलेलं असतं. समोरचा आकडा तापमानाचा की नमुन्यांच्या संख्येचा, हे यंत्राला कळणार कसं?

तक्ते वेगळे दिले तरी जपायला हवं. 'मार्च१', 'सेप्ट१' ही जनुकांची लघुनावं एक्सेलमध्ये भरली की त्यांच्या थेट तारखा व्हायच्या. २०१६च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. शेवटी मानवी जनुकांच्या नामकरण समितीने नावंच बदलली: मार्चएफ१, सेप्टिन१. २०२०च्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलंय. एका सॉफ्टवेअरपायी विज्ञानातली नावं बदलावी लागली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे तर माणसांच्या नावांचाच घोळ. 'एस. कुलकर्णी' किती असतील! लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं आधीचं काम तिच्या नावाशी जोडलंच जात नाही. यावर उपाय म्हणजे ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाला स्वतःची वेगळी ओळख देणारा क्रमांक; तो २०१२पासून फुकट मिळतो. पीएचडीच्या मुलामुलींनी पहिला निबंध पाठवण्याआधीच तो घ्यावा.