ट्रकने आफ्रिका: गटाबरोबर की आपलं आपण?

माळावरची

नैरोबी ते केपटाउन ट्रकने नेणाऱ्या गटसहली म्हणजे "आफ्रिका काचेआडून बघणं", असं परवा इथल्या गप्पांत एकाने लिहिलं आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी त्या वाटेने ट्रकने गेले आहे आणि मला हे मुळीच पटत नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: मालट्रकच्या चॅसीवर वीस-बावीस माणसांची केबिन बांधलेली असते. बाजूच्या कप्प्यांत तंबू, गॅसच्या शेगड्या, पातेली, पाण्याचे कॅन. सोबत ड्रायव्हर, लीडर, बहुतेकदा एक स्वयंपाकी. बाकीची कामं प्रवाशांनी पाळीपाळीने करायची: भाजी चिरणं, भांडी घासणं, ट्रक झाडणं. घासलेली ताटं पुसायला फडकं नसतं, कारण एका कळकट फडक्यामुळे अख्ख्या ट्रकची पोटं बिघडू शकतात. दोन्ही हातांत ताटं धरून वाळेपर्यंत हवेत हलवायची. चार देशांची अनोळखी माणसं रोज रात्री ओळीने उभी राहून ताटं हलवतात आणि मनमोकळ्या गप्पा तिथेच होतात. पूर्ण वाटेला साधारण आठ आठवडे लागतात. बरेच जण व्हिक्टोरिया धबधब्यापाशी उतरतात किंवा तिथूनच चढतात.

माझा मुद्दा अंतरांचा आहे. नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि वस्ती ३० लाखांच्या आसपास. सोसुस्व्हलेच्या लाल वाळूच्या टेकड्यांपर्यंत किंवा इटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या आत घेऊन जाणारी एसटी तिथे नाही. एकट्या निघालेल्या बाईने जायचं कसं? इटोशात ओकाउकुएयोच्या मुक्कामाला लागूनच एक पाणवठा आहे, रात्री त्यावर दिव्याचा उजेड असतो. बुटक्या भिंतीच्या अलीकडे बसून राहायचं. काळा गेंडा पाण्याशी आला की आधी त्याची सावली पाण्यात हलते, मग तो पाणी ओढतानाचा आवाज इथवर ऐकू येतो. पन्नास माणसं बसलेली असतात आणि कुणी खोकतसुद्धा नाही. मला तिथवर ट्रकने नेलं. यात काच कुठे आली?

दारकर

ते वाक्य माझं होतं, तेव्हा उत्तर देणं लागतो. नोकरीमुळे टांझानियात दार एस सलाममध्ये राहतो, हे ट्रक नेहमी बघतो. दिवसभर पळतात, संध्याकाळी शहराबाहेरच्या कॅम्पमध्ये शिरतात. तिथला बार परदेशी पाहुण्यांसाठी, किराणा सुपरमार्केटमधला, पहाटे तंबू गुंडाळून पुढचा देश. मलावीसारखा देश तळ्याकाठच्या तीन-चार मुक्कामांत उरकतो. पासपोर्टवर आठ देशांचे शिक्के बसतात आणि एकाही गावात तुमचं नाव कुणाला माहीत नसतं.

त्याऐवजी दारहून म्बेयाची साधी बस धरा. रस्ता मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ५० किलोमीटर जातो. बसच्या तिकिटात जिराफ, झेब्रे, नशीब असेल तर हत्ती. वाटेत कुठल्या तरी मामा लिशेकडे जेवा. रस्त्याकडेला घरचं जेवण विकणाऱ्या बायकांना इथे तसं म्हणतात. भात, घेवड्याच्या दाण्यांची दाट आमटी आणि म्चिचा, म्हणजे चक्क आपला माठ, कांदा-टोमॅटोवर परतलेला. पैसे त्या बाईच्या हातात पडतात, मधे कुणी नाही. शेजारची बाई न विचारता आपलं पोर तुमच्या मांडीवर ठेवते आणि पुढचे सहा तास तुम्ही त्या घरचेच असता. ट्रकच्या माणसाला हे मिळतच नाही, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते.

माळावरची

दारकर, मांडीवरच्या पोराचं पटलं. ते ट्रकमध्ये होत नाही. पण पैशाचं तुम्ही एकाच बाजूने मांडलंत. बोत्स्वानात ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात ट्रक काठावरच सोडावा लागतो. पुढे मोकोरोत, म्हणजे तिथल्या अरुंद होडीत बसायचं आणि गावातलाच माणूस लांब काठीने ती पाण्यातून ढकलत नेतो. पूर्वी या होड्या मोठ्या झाडाचं खोड कोरून करत. झाडं वाचावीत म्हणून आता बहुतेक फायबरग्लासच्या असतात. आमच्या होडीवाल्याने वेतांतून डोकावणारा पाणघोडा आमच्या कितीतरी आधी हेरला आणि होडी शांतपणे मागे घेतली. ती मजुरी त्याच्या गावात जाते. टांझानियात गोरोंगोरोच्या विवरातही ट्रक उतरत नाही, तिथल्या ड्रायव्हरची जीप घ्यावी लागते. सगळे पैसे सुपरमार्केटात जातात हे बरोबर नाही.

आणि बसबद्दल बोलताना भरधाव वेग आणि अपघातही सांगा ना. ते वगळून बसची शिफारस करणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

खडीवाट

दोघांनाही विरोध. नामिबियात स्वतः गाडी चालवा. टपावर तंबू असलेली फोर-बाय-फोर भाड्याने मिळते, रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. सेस्रिएमच्या फाटकापासून सोसुस्व्हलेपर्यंत ६० किलोमीटर डांबरी, शेवटचे ५ वाळूचे. उद्यानाच्या आतल्या कॅम्पमध्ये राहिलात तर आतलं फाटक बाहेरच्यापेक्षा तासभर आधी उघडतं आणि उजाडायच्या आत टेकडीवर पोचता येतं. थांबावंसं वाटलं तर थांबा, लीडरची शिट्टी नाही.

मात्र खडीच्या रस्त्यावर ८०च्या वर जाऊ नका. वळणावर ब्रेक दाबला की गाडी घसरते आणि उलटते. परदेशी पाहुण्यांचे तिथले अपघात बरेचसे असेच, समोर दुसरी गाडी नसताना होतात. अंधार पडल्यावर तर चालवूच नका, रस्त्यावर कुडू, म्हणजे मोठी हरणं, येतात.

शेवंती

वाद वाचतेय. आम्ही दोघी बहिणी, पन्नाशी ओलांडलेल्या, शाकाहारी. दोघींनाही गाडी येत नाही. ट्रकवर निभेल का ते सांगा.

माळावरची

शेवंतीताई, निभेल. बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून लिहून द्या आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला स्वतः भेटा. निखाऱ्यावर मांस भाजण्याचा बेत वरचेवर असतो. त्या दिवशी शाकाहाऱ्यांच्या ताटात नुसता बटाटा आणि कोशिंबीर येऊ शकते. गोडा मसाला आणि मेतकूट घेऊन जा. तुमची पाळी असेल तेव्हा मसूर शिजवा, सगळा ट्रक मागून खाईल. गुडघ्यांचा विचार मात्र करा: ट्रकच्या पायऱ्या उंच असतात, तंबूत वाकून शिरावं लागतं आणि काही दिवस दहा-बारा तास बसून काढावे लागतात.

खडीवाट यांचा मार्ग दोन चालक असतील त्यांना उत्तम. तुमच्यासारख्यांना आणि माझ्यासारख्या एकटीला दक्षिणेकडे ट्रकच योग्य, या मतावर मी ठाम आहे. टांझानिया-मलावीत दारकरांचं म्हणणं जास्त वजनाचं आहे, कारण तिथे गावं लागून आहेत आणि बसही मिळते. त्यामुळे दोनच महिने जमवायचे झाले तर मी व्हिक्टोरिया धबधबा ते केपटाउन एवढाच ट्रक घेईन, साधारण तीन आठवड्यांचा, आणि उरलेला वेळ वरच्या देशांत घाई न करता घालवीन.

दारकर

याला माझी हरकत नाही. "काचेआडून" हा शब्द मात्र सबंध आठ आठवड्यांच्या सहलीसाठी मी मागे घेणार नाही. बसच्या वेगाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, म्हणून रात्रीची बस घेऊ नका, पहाटे सुटणारी घ्या.

शेवंतीताई, पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. केनियासारख्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मलावीच्या तळ्यात उतरणार असाल तर पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या बिलहार्झिया या कृमींच्या रोगाबद्दलही विचारून ठेवा. दारला मुक्काम असेल तर आधी कळवा, मिकुमीच्या बाजूची खिडकी कुठली ते सांगतो.