शब्दचर्चा : रफू, ठिगळ आणि दंड

प्रश्न (म्हापसा) : जुन्या जीन्स उसवून त्यांच्या पिशव्या आणि जाकिटे हाताने शिवण्याची कार्यशाळा आम्ही फोंड्याच्या एका महिला मंडळात घेणार असून तिचे माहितीपत्रक मराठीत काढायचे आहे. फाटलेला भाग न लपवता रंगीत दोऱ्याने मुद्दाम दिसेल असा सांधण्याच्या पद्धतीला, म्हणजे ‘व्हिझिबल मेंडिंग’ला, ‘दृश्य दुरुस्ती’ म्हणावे की ‘उघड रफू’? शिवाय ‘स्लो फॅशन’चे, म्हणजे घाई न करता, टिकतील असे कपडे करून दीर्घकाळ वापरण्याच्या विचाराचे, मराठीत काय करावे?

उत्तर (डिचोली) : ‘दृश्य दुरुस्ती’ वाचून बांधकाम खात्याची निविदा आठवते, त्यामुळे तो पर्याय बाजूला ठेवू. ‘उघड रफू’ ऐकायला बरे वाटले, तरी त्यात आतूनच विसंगती आहे. फारसीतून आलेल्या ‘रफू’चा सगळा गुण न दिसण्यात आहे, रफूगर त्याच कापडातून काढलेला धागा उभ्या-आडव्या विणीत असा गुंफतो की भोक कोठे होते हे मालकालाही सापडू नये. जे मिरवायचे आहे, त्याला रफू म्हणणे म्हणजे रफूगराच्या कसबावर अन्याय आहे.

आपल्याकडचा नेमका शब्द ‘ठिगळ’ हाच आहे. डेनिमच्या गुडघ्याकडे पाहिले की तो किती चपखल आहे, हे कळते. या कापडात निळे उभे धागे दर्शनी बाजूस अधिक येतात आणि आडवे धागे पांढरे असतात. घर्षण निळ्यांना सोसावे लागत असल्याने आधी ते तुटतात आणि पांढऱ्या आडव्या दोऱ्यांची जाळी उरते. तेथे आतून तुकडा ठेवून वरून धावदोरा घालतात, तो भोकाच्या काठाशी न थांबवता दोन बोटे पुढे, धड कापडापर्यंत नेतात, कारण काठाजवळचे कापड विरलेले असते आणि पहिल्याच ओढीला टाक्याशेजारी पुन्हा फाटते. निळ्यावर पांढऱ्या धावदोऱ्याची जपानी ‘साशिको’ पद्धत असो किंवा आपल्या सीमेपलीकडे हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातील बायकांची ‘कवंदी’ ही तुकड्यांची गोधडी असो, धावदोरा हाच दोन्हींचा कणा आहे.

प्रतिसाद (फोंडा) : ठिगळाला दारिद्र्याचा वास येतो, हे मात्र नाकारता येणार नाही. ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार’ म्हणणाऱ्या भाषेत विकत घेण्याजोग्या वस्तूला हा शब्द चालेल का?

उत्तर (डिचोली) : चालेल, मात्र ‘लावणे’ हे क्रियापद सोडावे लागेल. ‘लावलेले ठिगळ’ नाइलाजाचे वाटते. ‘ठिगळकाम’ म्हटले की भरतकाम, विणकाम यांच्या पंक्तीला बसते. तुकडे एकमेकांना जोडून नवे कापड तयार करत असाल, तर त्यासाठी ‘दंड’ हा जवळजवळ विसरलेला शब्दही हाताशी आहे. लुगड्याचा विरलेला मधला भाग कापून उरलेली दोन टोके जोडण्याला ‘दंड घालणे’ म्हणत आणि दंडाचे लुगडे पुढे बराच काळ नेसले जाई. दोन जीन्सच्या पायांचे धड भाग जोडताना तुम्ही नेमके हेच करता, मात्र माहितीपत्रकात पहिल्यांदा येईल तेथे अर्थ द्यावा, नाहीतर वाचकाला पावती फाडल्यासारखे वाटेल.

‘डेनिम’ तसाच ठेवावा. तो फ्रान्समधील नीम शहरावरून आला, ‘जीन्स’ जिनोआवरून, आणि इंग्रजीतला ‘डंगरी’ तर मुंबईच्या डोंगरीवरून. म्हणजे या घराण्यात आपलाही हिस्सा आहेच. ‘स्लो फॅशन’चे ‘मंद फॅशन’ कृपया करू नका, मंद हा शब्द आपण बुद्धीला आणि दिव्याला लावतो. तो इंग्रजी शब्द एकदा देऊन पुढे ‘सवडीने केलेली हातशिवण’ असे लिहिले तरी पुरे.